अरब व्यापारी आणि हिंदी महासागर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः समुद्री व्यापाराबद्दल आहे. काळ साधारण आठव्या ते सोळाव्या शतकाचा, आणि शेवटी मुंबई-आखात संबंधांपर्यंत येणारा. सहारा वाळवंट आणि व्होल्गा नदीच्या वाटा थोडक्यात आल्या आहेत. कोकणचा किनारा मात्र पुन्हा पुन्हा भेटेल. अरबी प्रवाशांच्या नोंदींत ठाणे, सोपारा आणि चौल ही नावे ठळकपणे येतात, आणि आपल्या शालेय इतिहासात त्यांना जेमतेम एखादी ओळ मिळते, याची मला खंत वाटते.

## ‘अरब व्यापारी’ म्हणजे नेमके कोण?

सगळे अरबस्तानात जन्मलेले नव्हते, आणि सगळे मुसलमानही नव्हते. नवव्या-दहाव्या शतकातले सर्वांत श्रीमंत बंदर सिराफ. ते इराणच्या किनाऱ्यावर होते आणि तिथल्या व्यापाऱ्यांची घरची भाषा फारसी होती. कैरोतले ज्यू व्यापारी मलबारला माणसे ठेवून मिरी मागवत. त्यांची शेकडो पत्रे कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगच्या अडगळीत सापडली. ती बहुतेक अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत लिहिलेली आहेत. ओमान, येमेन, हद्रामौत, बसरा, बगदाद आणि कैरो इथल्या या सगळ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे व्यवहाराची अरबी भाषा आणि एकमेकांना ठाऊक असलेले व्यवहाराचे नियम. आपल्याकडचे संस्कृत लेख त्यांना सरसकट ‘ताजिक’ म्हणतात. या पानावर ‘अरब’ हा शब्द असाच सैल अर्थाने घ्यावा.

## इस्लामच्या आधी अरब व्यापार करत होते का?

हो, आणि बराच आधीपासून. दक्षिण अरबस्तानातला धूप, विशेषतः धोफारचा लोबान, उंटांच्या तांड्यांवरून भूमध्य समुद्राकडे जाई. पेट्रा हे नबाती लोकांचे शहर याच वाटांवर पोसले. इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत तांबड्या समुद्रावरच्या मूझा बंदराचे वर्णन आहे. ते अरब जहाजमालकांनी आणि खलाशांनी भरलेले असते आणि त्यांचा भडोचशी व्यापार चालतो, असे तो लिहितो. त्याच लिखाणात कल्याण, सोपारा आणि चौल ही आपली बंदरेही येतात. मक्केची कुरैश जमात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तांडे पाठवी, याचा उल्लेख कुराणात आहे. प्रेषित मुहम्मद स्वतः व्यापारात होते आणि खदीजा यांचा माल घेऊन सीरियाकडे जात. व्यापाराला मान देणारी परंपरा अशी आधीपासूनच मुरलेली होती.

सातव्या-आठव्या शतकात फरक पडला तो आकाराचा. स्पेनपासून सिंधपर्यंत एकाच वजनाचे सोन्याचे दिनार आणि चांदीचे दिरहम चालू लागले. इ.स. ७६२ मध्ये बगदाद वसले आणि चिनी रेशीम, भारतीय मिरी, आफ्रिकी हस्तिदंत विकत घेणारे प्रचंड मोठे गिऱ्हाईक तयार झाले.

## बसऱ्याहून चीनला जहाज कसे जाई? किती वेळ लागे?

इ.स. ८५१ च्या एका अरबी वृत्तांतात हा मार्ग टप्प्याटप्प्याने दिला आहे. बसऱ्याचा माल छोट्या होड्यांतून सिराफला येई, कारण आखाताच्या वरच्या टोकाला पाणी उथळ होते. सिराफला मोठ्या जहाजात माल भरायचा, मस्कतला गोडे पाणी घ्यायचे आणि सरळ केरळच्या कोल्लमकडे निघायचे. मध्यम वारा असेल तर मस्कत ते कोल्लम एक महिना. कोल्लमला चिनी मार्गावरच्या जहाजाकडून १,००० दिरहम जकात घेत. पुढे श्रीलंका, निकोबार, मलाया द्वीपकल्पावरचे कलाह, मलाक्काची सामुद्रधुनी, व्हिएतनामचा किनारा आणि शेवटी कॅन्टन, ज्याला अरब ‘खानफू’ म्हणत.

प्रत्यक्ष समुद्रावरचे महिने सुमारे सहा. पण वाऱ्याची वाट पाहण्यात जाणारा काळ धरला तर जाऊन-येऊन दीड वर्ष सहज लागे. हिंदी महासागरात वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. नैर्ऋत्य वारा अरबस्तान आणि आफ्रिकेकडून भारताकडे ढकलतो, ईशान्य वारा हिवाळ्यात परत नेतो. नैर्ऋत्य वारा ऐन जोरात असताना, म्हणजे जून ते ऑगस्ट, पश्चिम किनाऱ्याची बंदरे बंद. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र उघडतात, तेच गणित एडनचा नाखवाही पाळत होता. तो ऑगस्टच्या अखेरीस निघे, म्हणजे कोकण-मलबारला पोचेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असे.

या सक्तीच्या मुक्कामाचे परिणाम फार खोल झाले, आणि त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. परतीच्या वाऱ्यासाठी तीन-चार महिने बंदरात थांबणारा माणूस भाड्याने घर घेतो, स्थानिक भाषा शिकतो, उधारी देतो-घेतो आणि पुष्कळदा लग्नही करतो. वस्त्या अशा वाढल्या.

## त्यांची जहाजे खिळ्यांशिवाय बांधलेली असत, हे खरे का?

खरे आहे. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवत. लाकूड बरेचसे भारतातले सागवान, काथ्या मलबार, लक्षद्वीप आणि मालदीवचा. म्हणजे अरबी जहाजाचा सांगाडा आणि शिवण दोन्ही आपल्या किनाऱ्यावरून जात. मार्को पोलोने इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या हुर्मुझ बंदरात अशी जहाजे पाहिली आणि ती अगदी वाईट असून त्यांतली पुष्कळ बुडतात, असे लिहून ठेवले.

त्याचे मत एकतर्फी होते, हे १९९८ मध्ये दिसले. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ पाणबुड्यांना एक बुडालेले जहाज सापडले. बांधणी शिवलेल्या फळ्यांची, पश्चिम हिंदी महासागराच्या पद्धतीची. आत चिनी मातीची सुमारे ६०,००० भांडी होती, त्यांतली बहुतेक चांगशा इथल्या भट्ट्यांतली. एका वाडग्यावर इ.स. ८२६ शी जुळणारी चिनी तारीख कोरलेली होती. ८५१ च्या त्या वृत्तांताच्या पंचवीसएक वर्षे आधी असे जहाज चीनमध्ये माल भरून परतीला निघाले होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा. पुढे ओमानमध्ये त्याच पद्धतीने ‘ज्वेल ऑफ मस्कत’ नावाचे जहाज शिवून बांधले आणि २०१० मध्ये ते मस्कतहून कोचीमार्गे सिंगापूरपर्यंत शिडावर नेले.

## होकायंत्र नसताना दिशा कशी कळे?

ताऱ्यांवरून. लाकडाची लहान चौकोनी पट्टी आणि तिला गाठी मारलेली दोरी, हे ‘कमाल’ नावाचे साधन. दोरी दातात धरायची, पट्टीची खालची कड क्षितिजावर ठेवायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा येतो का ते पाहायचे. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली. शिवाय पाण्याचा रंग, तळाचा चिखल, पक्षी आणि सापही उपयोगी पडत. भारताचा किनारा जवळ आला की पाण्यात समुद्री साप दिसतात, ही खूण जुन्या नाविकांना चांगली माहीत होती.

## कोकणात अरब कधीपासून आहेत?

पहिली लिखित आठवण लढाईची आहे. इ.स. ६३६ च्या सुमारास बहरीन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमारी मोहीम पाठवली. खलिफा उमर यांना ती पसंत पडली नाही आणि त्यांनी त्याला खडसावले. पुढे सिंधच्या अरब सत्तेने गुजरातेत मुसंडी मारली. इ.स. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात चालुक्य अवनिजनाश्रय पुलकेशीने ताजिकांच्या सैन्याचा पराभव केल्याची हकीकत आहे. हे सांगायला हवे, कारण सगळा संबंध गोडीगुलाबीचाच होता असे समजणे चूक ठरेल.

पण त्यानंतरच्या दोनशे वर्षांत चित्र पार बदलले. राष्ट्रकूट राजांना अरब लेखक ‘बल्हरा’ म्हणतात, म्हणजे वल्लभराज. हिंदच्या राजांत तो सर्वांत मोठा आणि अरबांवर सर्वाधिक लोभ असलेला, असे त्यांनी एकामागून एक लिहिले आहे. बगदादचा अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये, चौलला आला होता. तो चौलला ‘सैमूर’ म्हणतो. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. त्यांनी इथल्या बायकांशी लग्ने केली आहेत, असे तो सांगतो. आकडा अंदाजाचा असणार, पण वस्ती मोठी होती यात शंका नाही. राज्य शिलाहार राजा झंझ याचे होते, तो राष्ट्रकूटांचा मांडलिक. या वस्तीतले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे आणि त्याच्या निवाड्याला राजसत्तेची मान्यता असे.

## चिंचणीच्या ताम्रपटात काय आहे?

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला हा ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला. भाषा संस्कृत. त्यात म्हटले आहे की राजा कृष्ण दुसरा याने संयान मंडल, म्हणजे संजाणचा प्रदेश, ‘मधुमती’ नावाच्या ताजिकाकडे सोपवला. मधुमती म्हणजे मुहम्मद. वडिलांचे नाव सहियारहार, म्हणजे शहरियार. किनाऱ्यावरच्या इतर बंदरांचे अधिपती त्याने आपल्या धन्यासाठी जिंकले आणि तिथे आपले अधिकारी बसवले.

पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. या मुहम्मदाने लोकांसाठी दोन नद्यांवर फुकट तरीची सोय केली. एक अन्नछत्र उघडले, जिथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या भगवतीच्या मठासाठी जमीन द्यायला त्याने संमती दिली. ताम्रपट आहे तो याच दानाचा.

म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभी उत्तर कोकणातल्या एका बंदराचा कारभार एक मुसलमान अधिकारी पाहतो, त्याला नेमणारा राजा हिंदू आहे, दान देवीच्या मठाला मिळते आहे आणि दानपत्र संस्कृतात आहे. कोणाला यात आश्चर्य वाटल्याची खूण त्या मजकुरात कुठेही नाही. दक्षिण कोकण आणि गोव्यातही असेच एक उदाहरण आहे.

## गोव्यातले उदाहरण कोणते?

कदंब राजा गुहल्लदेव जलमार्गाने सोमनाथच्या यात्रेला निघाला असता त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली. त्याला गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला आणि तिथल्या एका श्रीमंत ताजिक व्यापाऱ्याने मदत केली. हे उपकार राजघराणे विसरले नाही. अकराव्या शतकाच्या मध्यात, पहिला जयकेशी राज्यावर असताना, त्या व्यापाऱ्याचा नातू मोठ्या अधिकारपदावर होता. त्याने मशीद बांधली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर पट्टी बसवायला राजाने ताम्रपट करून परवानगी दिली.

## हिंदू राजे परक्या व्यापाऱ्यांना इतके का सांभाळत?

जकात आणि घोडे ही दोन रोखठोक कारणे. शिवाय व्यापाऱ्याला दुसरे बंदर नेहमीच मोकळे असे. ठाण्यात छळ झाला तर तो चौलला उतरे, चौलला झाला तर दाभोळला. राजाला माल हवा असेल तर न्याय आणि सुरक्षितता देणे भाग होते. कालिकत या धोरणाचा कळस. तिथे परक्याचा माल कोणी हात न लावता बंदरात पडून राहतो, अशी त्याची ख्याती होती. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ मध्ये तिथे पोचला तेव्हा बंदरात १३ चिनी जहाजे उभी होती आणि व्यापाऱ्यांचा प्रमुख बहरीनचा होता.

सोमनाथचे १२६४ चे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. हुर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज नावाच्या जहाजमालकाने सोमनाथ पाटणच्या बाहेर मशिदीसाठी जागा विकत घेतली. वाघेला राजा अर्जुनदेव याच्या राज्यात, गावच्या महाजनांच्या आणि पाशुपत पुरोहितांच्या साक्षीने. संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही भाषांत शिलालेख कोरला. संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह असे चार शक दिले आहेत. महमूद गझनवीच्या स्वारीला तेव्हा सुमारे २४० वर्षे झाली होती. गझनीची फौज आणि हुर्मुझचा जहाजमालक यांत सोमनाथचे लोक व्यवस्थित फरक करत होते.

## एवढा पैसा कसा फिरे? चोरी, बुडीत यांचे काय?

सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे ‘मुदारबा’. एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने प्रवास आणि मेहनत करायची. नफा आधी ठरल्या प्रमाणात वाटून घ्यायचा. जहाज बुडाले तर भांडवलवाल्याचे पैसे गेले, मेहनतवाल्याचे श्रम गेले. त्याच्या घरादारावर जप्ती नाही. यामुळे गरीब पण हुशार तरुणाला समुद्रावर जाता आले. विधवा आणि वृद्ध यांचे पैसेही व्यापारात लागू शकले. इटलीच्या शहरांत पुढे याच धर्तीची भागीदारी दिसते.

रोख नेण्याऐवजी ‘सुफ्तजा’ किंवा ‘सक्क’ नेत, आपल्या हुंडीसारखे. दहाव्या शतकात इब्न हौकल या अरबी भूगोलकाराने सहाराच्या दक्षिण कडेवरच्या अवदगुस्तच्या एका व्यापाऱ्याच्या नावावरचा ४२,००० दिनारांचा कागद पाहिला, तो मोरोक्कोतल्या सिजिल्मासाच्या माणसाला देणे असल्याचा. वाळवंटापलीकडे इतकी मोठी रक्कम कागदावर चालते, याचे त्यालाही नवल वाटले.

पण या सगळ्यामागचा खरा आधार माणसांचा होता. अब्राहम बेन यिजू हा मूळचा ट्युनिशियाचा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला सतराएक वर्षे राहिला. तिथे त्याचा काशाची भांडी घडवण्याचा कारखाना होता. एडनचा मोठा व्यापारी मदमून त्याला जुनी तांब्याची मोडतोड पाठवी, हा नवी भांडी करून परत धाडी. सोबत मिरी, सुपारी, लोखंड. दोघांमध्ये समुद्र, आणि उत्तराला अनेक महिने. पत्रांत हिशेब असतात, तक्रारी असतात, मुलांसाठी कागद आणि खाऊ पाठवल्याचे असते. एकदा शब्द मोडला की बातमी एडनपासून कैरोपर्यंत जाई आणि मग त्या माणसाला कोणी उधार देत नसे. कोणत्याही एका राजाचा कायदा या सगळ्या समुद्रावर चालत नव्हता. पत आणि अब्रू मात्र चालत होती. माझ्या मते या व्यापाराच्या यशाचे मर्म इथे आहे. नौकानयनातले कौशल्य त्यानंतर येते.

## कोणता माल कुठून कुठे जाई?

भारतातून मिरी, आले, सुती कापड, नीळ, सागवान, पोलाद, सुपारी. खंबायतची पादत्राणे प्रसिद्ध होती, हे अल-मसूदी मुद्दाम लिहितो. ठाण्याचे बांबू आणि वंशलोचन अल-इद्रीसी या अरबी भूगोलकाराने नोंदवले आहे. पूर्वेकडून कापूर, लवंग, जायफळ, ऊद, चिनी भांडी, रेशीम. आफ्रिकेतून हस्तिदंत आणि किल्वामार्गे सोफाळ्याचे सोने. अरबस्तान आणि आखातातून खजूर, मोती, लोबान, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोडे.

## घोड्यांचे एवढे महत्त्व का?

दख्खन आणि दक्षिणेतल्या दमट हवेत, अपुऱ्या चाऱ्यावर उत्तम युद्धाश्वांची पैदास होत नसे. घोडदळाशिवाय राज्य टिकत नसे. म्हणून यादव, बहमनी, विजयनगर सगळेच अरबी घोड्यांसाठी बंदरांवर अवलंबून. तामिळ किनाऱ्यावरचे राजे दरवर्षी हजारो घोडे घेतात आणि नीट निगा न राखल्याने त्यांतले बहुतेक वर्षभरात मरतात, असे मार्को पोलो लिहितो.

ठाण्याबद्दल त्याने दिलेली माहिती तर थेट आपल्या अंगणातली आहे. तिथून निघणारे चाचे व्यापाऱ्यांची जहाजे लुटत, आणि राजाशी त्यांचा करार असा की लुटीत सापडलेले घोडे सगळे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. घोड्यांसाठी राजा स्वतःच्या बंदराची अब्रू पणाला लावत होता, एवढी ती गरज होती. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हुर्मुझकडून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तो विकायला जुन्नर-बिदरकडे निघाला. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनीही घोड्यांची आयात गोव्याकडे वळवण्याचा चंग बांधला. विजयनगर आणि विजापूर दोघांनाही नमवायचे ते हत्यार होते.

## अरब व्यापारी गुलामांचा व्यापार करत होते का?

होय, मोठ्या प्रमाणावर आणि शेकडो वर्षे. पूर्व आफ्रिका, इथिओपिया, मध्य आशिया आणि स्लाव्ह प्रदेशांतून माणसे पकडून किंवा विकत घेऊन आखाती देश, इराक, इजिप्त आणि भारतात विकली जात. दक्षिण इराकच्या खाऱ्या जमिनी साफ करायला राबवलेल्या आफ्रिकी गुलामांनी ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षे बंड केले. बसरा शहर त्यांनी लुटले. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानांच्या झांझिबारमध्ये लवंगांचे मळे गुलामांच्या श्रमांवर उभे होते. तिथला गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला. दख्खनच्या इतिहासात पराक्रम गाजवणारे हबशी याच व्यापारातून आले. मलिक अंबर इथिओपियात जन्मला आणि अनेक हात बदलत दख्खनला पोचला. त्याच्या कर्तृत्वाचे कौतुक करताना त्याला लहानपणी विकले होते, हे विसरू नये.

## युरोप आणि आफ्रिकेच्या आतल्या भागाचे काय?

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये सापडलेल्या एका ठेव्यात १४,००० हून अधिक नाणी होती, जवळजवळ सगळी इस्लामी जगातली. ही चांदी व्होल्गा नदीवरून केसाळ कातडी, मेण, मध आणि गुलाम यांच्या बदल्यात उत्तरेला गेली. इंग्लंडच्या मर्सियाचा राजा ऑफा याने तर हिजरी १५७ चा अरबी मजकूर जशाच्या तसा नक्कल केलेले सोन्याचे नाणे पाडले. सहारात उत्तरेचे मीठ आणि दक्षिणेचे सोने यांची अदलाबदल चाले. इब्न बतूताने तघाझा गावात मिठाच्या लाद्यांची घरे पाहिली. मिरीचा शेवटचा टप्पा कैरो-अलेक्झांड्रियातून व्हेनिसला. हा व्यापार ‘करिमी’ म्हणवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती होता. पंधराव्या शतकात इजिप्तच्या मामलुक घराण्याचा सुलतान बार्सबाय याने मिरीची मक्तेदारी स्वतःकडे घेतली आणि त्यांचे कंबरडे मोडले. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी पहिला घाव घरातूनच बसला होता.

## कोकणी मुसलमानांचा या इतिहासाशी संबंध आहे का?

आहे. उत्तर भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी पंथाचे. कोकण, भटकळ, केरळ, इंडोनेशिया, येमेन आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा इथे मात्र शाफई पंथ प्रबळ आहे. नकाशावर या जागा जोडल्या तर जहाजांचा मार्गच दिसतो. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे अरब वंशाच्या नवायत घराण्यातले होते. कुराणावर भाष्य लिहिणारे मोठे विद्वान म्हणून त्यांचे नाव आहे. त्यांच्या दर्ग्याच्या उरुसाला मुंबई पोलिसांचा मान असतो.

## वास्को द गामाला अहमद इब्न माजिदने वाट दाखवली का?

बहुधा नाही. इब्न माजिद हा आजच्या रास अल-खैमाजवळच्या जुल्फारचा, फार मोठा नाविक आणि नौकानयनावर लिहिणारा. पण १४९८ मध्ये तो वृद्ध होता, आणि पूर्व आफ्रिकेच्या मलिंदी बंदरात गामाच्या जहाजावर चढलेल्या वाटाड्याचे पोर्तुगीज साधनांतले वर्णन त्याच्याशी जुळत नाही. तो वाटाड्या गुजराती असावा, असे काही साधनांवरून दिसते. कोण का असेना, मलिंदी ते कालिकत ही रोजच्या वापरातली वाट होती. ती कोणी नव्याने शोधली नाही.

## मग पोर्तुगीजांनी हा व्यापार संपवला का?

संपवला नाही, पण त्याचा स्वभाव बदलला. तोवर या समुद्रावर कोणी मालकी सांगत नव्हते. चाचे होते, बंदरांची भांडणे होती. पण उघड्या समुद्रावर प्रवासासाठी परवाना लागत नसे. पोर्तुगीजांनी तोफांच्या बळावर ‘कार्ताझ’ घेण्याची सक्ती केली. परवाना नसेल तर माल जप्त. १५०२ मध्ये गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज बायका-मुलांसकट जाळले. १५०८ ला चौलच्या खाडीत मामलुक-गुजराती आरमाराने पोर्तुगीजांना हरवले, पण पुढच्या वर्षी दीवला त्यांचा निर्णायक पराभव झाला. हुर्मुझ १५१५ पर्यंत पोर्तुगीजांच्या हाती गेले. एडन मात्र त्यांना घेता आले नाही, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून सुमात्राच्या आचेहून तांबड्या समुद्राकडे मिरी पुन्हा भरपूर वाहू लागली. ओमानी अरबांनी १६५० मध्ये मस्कत आणि १६९८ मध्ये मोंबासाचा किल्ला परत जिंकला.

खरी घसरण नंतरची: डच-इंग्रज कंपन्या, अठराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदराच्या कॉफीला मागे टाकणारी जावाची कॉफी, आगबोटी आणि १८६९ चा सुएझ कालवा.

## मुंबईचा या व्यापाराशी संबंध कधीपर्यंत होता?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आणि तो घट्ट होता. आखातातले मोती मुंबईत विकले जात. कुवेत आणि बहरीनच्या मोठ्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्या इथे असत, मुलेही शिकायला येत. अरबी घोड्यांचे तबेले मुंबईत होते. शर्यती आणि सैन्य हे गिऱ्हाईक. बसऱ्याचा खजूर यायचा, परत जाताना तांदूळ, कापड, मसाले आणि जहाजबांधणीचे सागवान जायचे. १९३० च्या दशकात जपानच्या कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मोत्यांनी आखाताचा मोतीधंदा बसवला. आखातात भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथल्यासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या, आणि १९६६ पर्यंत काही अमिरातींत त्या वापरात होत्या.

## आज काय पाहता येईल?

अलिबागजवळचे चौल-रेवदंडा आणि नालासोपारा इथे जाता येते. दोन्ही ठिकाणी खाडी गाळाने भरलेली आहे, त्यामुळे जुने बंदर डोळ्यांसमोर आणायला थोडी कल्पना लागते. बेलितुंगच्या जहाजातली भांडी सिंगापूरच्या आशियाई संस्कृती संग्रहालयात मांडली आहेत. शिवलेल्या जहाजांची परंपरा आणि लाकडी गलबतांची बांधणी पाहायची असेल तर केरळचे बेपूर सोयीचे. तिथले कारागीर आजही आखातातल्या गिऱ्हाइकांसाठी ‘उरू’ बांधतात.